वाळूवरची साय

काचेच्या नळीत दहा मिलिलिटर पाणी, त्यात चार थेंब द्रावण. नळी एकदा उलटी करून सरळ केली की पाण्याला रंग येतो. रंग म्हणायचा तो उदारपणाने, कारण पांढऱ्या कागदासमोर धरल्याशिवाय तो दिसत नाही. सोबतच्या छापील पट्टीवर त्या पिवळ्याच्या पाच पायऱ्या आहेत. आईबाबांच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बहुतेक दिवस दुसऱ्या पायरीवर असतं. त्या सोमवारी ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधे होतं, आणि बाबांनी वहीत तसंच लिहिलं. अर्धी पायरीसुद्धा ते कधी सोडून देत नाहीत. 

"क्लोरीन ठीक आहे," ते म्हणाले आणि उठले. खुर्चीपासून संडासापर्यंत एकोणीस पावलं होती. मी मोजली होती, कारण तीन आठवड्यांपूर्वी ती अठरा होती. पावलं लहान झाली होती.

बाबांनी चौतीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात काढली, त्यातली शेवटची बारा केंद्रप्रमुख म्हणून. शहराचा अख्खा पूर्व भाग त्यांच्या हाताखालून गेलेलं पाणी पीत होता आणि त्या काळात त्यांच्या पाण्यामुळे एकही साथ आली नाही. हे ते स्वतः सांगत नाहीत, आई सांगते. जंतू म्हणजे त्यांच्या लेखी एकच गोष्ट: जिचा आकडा शून्य यायला हवा. मी सूक्ष्मजीवशास्त्राला गेले तेव्हा ते खूश होते. "शत्रूच्या गोटात आपला माणूस," असं त्यांनी शेजाऱ्यांना ऐकवलं होतं. पुढे मी इस्पितळाच्या ज्या विभागात नोकरी धरली, तो मात्र त्यांनी शेजाऱ्यांना सांगितला नाही.

त्या विभागाचं कागदोपत्री नाव तीन ओळींचं आहे. आम्ही नुसतं पेढी म्हणतो. ही विष्ठेची पेढी आहे. निरोगी माणसं सकाळी ताजा डबा आणून देतात. मी वजन करते, मिठाच्या पाण्यात कालवते, बारीक जाळीतून गाळते आणि उणे ऐंशी अंशांवर गोठवते. ज्यांच्या आतड्यातले कामाचे जिवाणू प्रतिजैविकांनी मारून टाकलेत, त्यांना ते कॅप्सूलमध्ये भरून दिलं जातं. दाता व्हायला वीसजण आले तर तपासण्यांमधून एखादाच पार होतो. आमचा सगळ्यात भरवशाचा दाता एक टपालवाला आहे. रोज सव्वासातच्या ठोक्याला तो खिडकीत डबा ठेवतो आणि म्हणतो, "रजिस्टर पार्सल आहे, ताई. सही करून घ्या." ज्यांना तो कधीच भेटणार नाही अशा एकतीस माणसांची पोटं त्याने आजवर सुधारली आहेत.

आणि माझे वडील बत्तिसावे व्हायला तयार नव्हते.

सुरुवात दाढेपासून झाली. दाढ सुजली, दंतवैद्याने पाच दिवसांचं प्रतिजैविक दिलं. बाबांनी ते दहा दिवस घेतलं, कारण त्यांच्या हिशेबात जास्त मात्रा म्हणजे जास्त खात्री. मग पोट बिघडलं आणि बिघडलेलंच राहिलं. मोठ्या आतड्यात शेकडो जातींचे जिवाणू दाटीवाटीने राहतात. ते अन्नाचा उरलेला भाग आंबवतात, आतड्याच्या अस्तराला खाऊ घालतात आणि मुख्य म्हणजे नको त्या पाहुण्याला बसायला जागा ठेवत नाहीत. ते मेले की जागा रिकामी होते. बाबांच्या आतड्यात अशाच एका जिवाणूने ठाण मांडलं होतं. औषध दिलं की तो मरायचा, पण त्याचे बीजाणू टिकायचे. औषध संपलं की दहा-बारा दिवसांत ते रुजायचे. शेजारी कुणी नव्हतंच त्यांना अडवायला. असं दोनदा झालं, आणि आता तिसऱ्यांदा औषध चालू होतं. अकरा आठवड्यांत बाबा अडुसष्ट किलोंवरून चौपन्नवर आले. आईने त्यांच्या पट्ट्याला खिळा तापवून दोन नवी भोकं पाडली.

पोटाच्या डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं. त्या माझ्यापेक्षा वयाने थोड्या मोठ्या आहेत आणि बाबांना प्रेमाने 'पाणीवाले' म्हणतात.

"पाणीवाले, या गोळ्या पुढच्या गुरुवारी संपतील. त्यानंतर काय होणार ते तुम्हालाही माहीत आहे. हीच गोळी चौथ्यांदा देऊन मी फक्त तारीख पुढे ढकलेन. एकदा आतडं खूप सुजलं तर कापून काढायची वेळ येते, आणि चौपन्न किलोंच्या माणसाला मला सर्जनच्या टेबलावर पाठवायचं नाही. तुमच्या मुलीच्या पेढीतल्या कॅप्सूल घ्या. दहातले आठ-नऊ पेशंट त्याने बरे होतात."

"बघू," बाबा म्हणाले.

आमच्या घरात 'नाही' हा शब्द फारसा वापरला जात नाही. त्याचं काम 'बघू' करतो. घराला रंग द्यायचं बाबा सहा वर्षं बघत आहेत.

मी विरजणाचा दाखला दिला. पेढीत येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला मी तो देते आणि सगळ्यांना तो पटतो.

"दुधात चमचाभर दही घालतो ना, बाबा, तसंच आहे हे. चांगले जिवाणू आत सोडायचे, बाकीचं ते बघतात."

"दूध आधी उकळतेस की नाही?"

"उकळते."

"कशाला?"

उत्तर त्यांना माझ्या तोंडून हवं होतं, आणि मला ते द्यायचं नव्हतं.

"अहो, पण उकळलेलं दूध तसंच ठेवलं तर त्याचं दही होत नाही," आई ओट्याजवळून म्हणाली. "नासतं."

"मग फ्रिजमध्ये ठेवावं," बाबा म्हणाले. या विषयावर तो दिवस संपला.

सोमवारी, क्लोरीनची नोंद झाल्यावर, मी दुसरा डाव टाकला. बाबा आकड्यांवर विश्वास ठेवतात, तेव्हा त्यांना आकडेच द्यावेत. मी दात्याचा तपासणी अहवाल आणला होता. नाव झाकलेलं, बाकी चार पानं जशीच्या तशी. कावीळ नाही, जंत नाहीत, अमुक विषाणू नाही, तमुक नाही. माझ्या मते ते जगातलं सगळ्यात स्वच्छ प्रशस्तिपत्रक होतं. बाबांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथे ई. कोलाय असं लिहिलं होतं आणि पुढे 'उपस्थित, सामान्य'.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, समासात 'नामंजूर, फेरनमुना घ्यावा' असं लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली. मग पानं नीट जुळवून मला परत दिली.

आई हसायला लागली. मला हसू आलं नाही, कारण चूक काय झाली ते माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं. पिण्याच्या पाण्यात तो एक जिवाणू सापडला तर त्याचा अर्थ एकच असतो: कुठेतरी मैलापाणी मिसळतंय. बाबांनी त्या नावावरून रात्रीअपरात्री झडपा बंद केल्या होत्या, अर्ध्या शहराचं पाणी तोडलं होतं, वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आतड्यात मात्र त्याचे बहुतेक प्रकार साधे रहिवासी असतात. दोन्ही कागद मला वाचता येतात. तरीही मी चौतीस वर्षं एकाच कागदावर सह्या केलेल्या माणसाच्या हातात दुसरा कागद दिला, आणि तोही काही न सांगता. प्रयोगशाळेत इतकी ढोबळ चूक मी कुणाला माफ केली नसती.

मी समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुझं बरोबर असेल," ते म्हणाले. "पण माझ्या हातून तो नमुना पास होणार नाही."

दुपारी मी पेढीतून आईला फोन केला. "आई, मी हात टेकले."

"तुझे आकडे संपले असतील तर आता मी बघते," ती म्हणाली. "वस्तादांना बोलावते."

"ते कशाला?"

"तुझ्या बाबांना अरेतुरे करणारं दुसरं कुणी उरलंय का?"

वस्ताद म्हणजे केंद्रातले जुने फोरमन. बाबा नोकरीला लागले तेव्हा त्यांच्याच हाताखाली शिकले. पुढे बाबा त्यांचे साहेब झाले, पण वस्तादांच्या भाषेत काही फरक पडला नाही. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, एका कानाने ऐकतात आणि तो कान आपल्याला सोयीचा असेल तसा वळवतात. बुधवारी दुपारी चारला ते काठी टेकत आले. मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती.

"कुठाय तो?" दारातूनच त्यांनी विचारलं, आणि बाबा दिसले तेव्हा काठीसकट उंबऱ्यावरच थांबले. मग म्हणाले, "काडी झालास की रे."

"या, वस्ताद. बसा." बाबा उठायला लागले.

"तू नको उठूस. वहिनी म्हणाल्या, तू उठलास की एकाच दिशेने जातोस."

बाबा हसले. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा हसले, आणि मग खरोखरच उठून त्या दिशेने गेले. आम्ही तिघं पाणी वाहण्याचा आवाज थांबेपर्यंत शिष्टाचार म्हणून हवामानावर बोललो.

"आणि तू गं?" वस्तादांनी चांगला कान माझ्याकडे केला. "काय काम करतेस नक्की? हा कधी धड सांगत नाही."

मी धड सांगितलं. गाळणीपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"गाळतेस? कशातून?"

"बारीक जाळीतून."

"म्हणजे बापाचंच खातं. मग लाजतो कशाला हा?" बाबा भिंतीला धरून परत येत होते, ते ऐकतील अशाच आवाजात वस्ताद म्हणाले. "बरं, अडलंय काय ते सांग. वहिनींनी सांगितलं, पण त्या मधेमधे रडत होत्या."

"मी अजिबात रडत नव्हते," आई म्हणाली. "मी चिडले होते."

मी सांगितलं: दाढ, गोळ्या, मेलेले जिवाणू, माजलेला एक, दोनदा उलटलेला आजार, उद्या संपणारं औषध. वस्तादांनी चहा बशीत ओतला, पूर्ण प्यायले आणि बशी खाली ठेवली.

"म्हणजे बेड मेलाय," ते म्हणाले.

"वस्ताद, तो विषय वेगळा आहे," बाबा लगेच म्हणाले. फारच लगेच.

"कसला बेड?" आईने विचारलं.

"सांगितलं नाही कधी यांना? इतकी वर्षं झाली लग्नाला?"

बाबा खिडकीकडे बघायला लागले. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती.

"वहिनी, आमच्याकडे वाळूच्या गाळण्या होत्या, त्यांनाच बेड म्हणायचो," वस्ताद सांगायला लागले. "मोठे हौद, या घराच्या चौपट. खाली खडी, वर गळ्याइतकी वाळू, त्यावर पाणी. पाणी हळूहळू खाली झिरपायचं आणि तळाला स्वच्छ निघायचं. आता तुम्हाला वाटेल वाळू गाळते. वाळू काय गाळणार? गाळते ती वाळूवरची साय. हिरवट, बुळबुळीत, बोटभर जाड. हात लावला तर अंघोळ करावीशी वाटेल. पण ती जिवंत असते. पाण्यातली घाण तीच खाते. नवी वाळू भरली की साय धरायला कित्येक आठवडे जातात, तोवर ते पाणी आम्ही गटारात सोडायचो."

"बरोबर," मी म्हणाले. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. बाबांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"तर हा नवा साहेब. वय अठ्ठावीस, इस्त्रीची पँट. चार नंबरचा हौद याच्या ताब्यात दिला. हा वाकून बघतो तर काय, वर शेवाळ. याला आली लाज. मी रजेवर. याने माणसं लावली, वरची साय खरवडून टाकली. तेवढी ठीक, ती आम्ही अधूनमधून वरवर काढायचोच. पण याने हातभर वाळू काढली आणि उरलेली ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतली. दोनदा."

"तीनदा," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले.

"तीनदा. मी आलो तर वाळू अशी चकचकीत, वहिनी, की पापड वाळत घालावेत. पाणी काचेसारखं. आणि प्रयोगशाळेचा अहवाल रोज नापास. याने काय केलं असेल?"

"परत धुतली?" आई म्हणाली.

"परत धुतली."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं नाही. ते मला जमलं नसतं.

"मग?" मी विचारलं.

"मग मी याला बाजूला बसवला. तीन नंबरचा हौद चांगला चालू होता, पंधरा वर्षांचा. त्याच्यावरची घाण वाळू घमेल्यांनी काढली आणि चार नंबरवर पसरली. हा मागून ओरडतोय, वस्ताद, ते घाणेरडं आहे, वस्ताद, मी वर कळवीन. मी म्हटलं, कळव. दोन आठवड्यांत पाणी पास झालं. काय रे, झालं की नाही?"

"तेरा दिवसांत," बाबा म्हणाले.

मग बाबांनी खुर्ची वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर तो कामावरचा भाव होता, वाद घालायला जागा सापडल्याचा.

"पण वस्ताद, शेवटी क्लोरीन टाकायचोच आपण. तुमच्या सायीवर विसंबून एक थेंबही शहरात सोडला नाही."

"शेवटी टाकायचो. कुठे शेवटी?"

"गाळणीनंतर. बाहेरच्या टाकीत."

"गाळणीच्या आधी का नाही टाकला कधी? एकदमच काम झालं असतं."

"आधी टाकला तर..." बाबा बोलता बोलता थांबले.

वस्तादांनी त्यांना थांबू दिलं. वाक्य पूर्ण करण्याची मला इतकी घाई झाली होती की मी रिकामा कप उचलून तोंडाला लावला.

"आधी टाकला तर बेड मरतो," बाबा म्हणाले.

"आणि तू तीनदा काय केलंस? दाढेचं धरलं तर चारदा?"

बाबा टेबलाच्या कडेवर अंगठा फिरवत होते. वस्तादांनी मुद्दा पुढे रेटला नाही. वाद जिंकल्यावर गप्प बसणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

मग बाबा माझ्याकडे वळले. "तुमच्याकडे बेड धरायला किती दिवस लागतात?"

"दोन-तीन दिवसांत शौचाला फरक पडतो. बाकीच्यांना स्थिरावायला काही आठवडे."

"आधीची गोळी संपल्यावर लगेच देतात?"

"दीड-दोन दिवस थांबून. गोळीचा अंश आत असताना दिलं तर..."

"तर नवीनही मरतील. कळलं." ते एकदम पटापट विचारत होते. "एका दात्याचं की मिसळून?"

"एकाच दात्याचं. शोधता यायला हवं, काही झालं तर."

"दात्याची फेरतपासणी?"

"दर आठ आठवड्यांनी. आणि पुढची तपासणी पास होईपर्यंत आधीचा साठा वापरत नाही."

"अच्छा." हे त्यांना आवडलं. त्यांच्या केंद्रातही असाच नियम असावा. "तुझ्या हातचं असणार का ते?"

"नाही. घरच्या माणसाची केस मला हाताळता येत नाही. माझी सहकारी करील."

"ती कशी आहे?"

"माझ्यापेक्षा हळू काम करते. चुका माझ्याहून कमी करते."

"चांगलं. आणि तो माणूस? दाता?"

"त्याच्याबद्दल काही सांगता येणार नाही, बाबा."

"त्याचं पोट किती वर्षांचं चालू आहे, एवढं तरी?"

मी विचार केला. वय सांगणं नियमात बसत होतं. "एकेचाळीस."

"पंधरापेक्षा बरंच," वस्ताद म्हणाले.

"आणि एकही तक्रार नाही?" बाबांनी विचारलं.

"एकही नाही."

आई ओट्याला टेकून उभी होती. तिने मधे एक शब्दही टाकला नव्हता, आणि तिच्या बाबतीत हे किती अवघड आहे ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. बाबांनी तिच्याकडे हात केला. "अगं, माझा फोन दे."

"कुणाला करताय?"

"दे तर खरं."

त्यांनी चष्मा वर ढकलला, नंबर शोधला आणि फोन कानाला न लावता टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. पलीकडे चार वेळा वाजलं. मग डॉक्टरांचा आवाज आला, मागे कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं.

"बोला, पाणीवाले. त्रास वाढला का?"

"नाही, आहे तेवढाच आहे. उद्या गोळ्या संपतायत." बाबांनी घसा साफ केला. आवाज बारीक झाला होता, पण केंद्रावरच्या फोनवर बोलायचे तसेच ते बोलत होते, एकेक शब्द सुटा. "चौथ्यांदा ती गोळी मला लिहून देऊ नका. मी दुसऱ्या माणसाची विष्ठा घेणार आहे. शनिवारी सकाळी किती वाजता येऊ?"